बारा कोयते, एक हंगाम: प्रकल्प नोंदी

२८ ऑक्टोबर

सकाळी मोहोळहून दाजींचा फोन. पंधरा दिवसांत ऊसतोडीची टोळी फडात उतरतेय, आणि गेल्या साली घेतलेल्या दहा कोयत्यांपैकी चार मुठीपाशी तुटले होते. एकाचं पातं उडून शेजारच्या गड्याच्या नडगीवर बसलं. नशीब, पाठीचा भाग लागला, धार नाही. "एवढं वर्कशॉप घालून बसलायस, दहा कोयते करून दे की," हे त्यांचं म्हणणं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी यंत्रमागाचे सुटे भाग करतो. कोयता हा माझा धंदा नव्हे. पण तुटलेले दोन तुकडे त्यांनी एसटीनं पाठवलेत, ते आठवडाभर टेबलावर पडून आहेत आणि दोन्ही अगदी एकाच जागी तुटलेत. हे डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलं, आधी करायचं नाही, आधी बघायचं. मजबूत कोयता म्हणजे नक्की काय, हे एका हंगामात कळतं का ते.

३१ ऑक्टोबर

बारा कोयते जमवले. १ ते ३ रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून, जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचे). ४ ते ६ दाजींच्या शेजारच्या गावातल्या लोहारआप्पांनी करून दिलेले, तेही कमानपाट्याचेच. ७ ते ९ दुकानातले तयार, हिरवा रंग दिलेले, लखलखीत. १० ते १२ माझे: नव्या स्प्रिंग पट्टीतून कापले, भट्टीत ८७० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवले, मग २०० अंशांवर दोन तास ठेवून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, थोडं उतरवलं.

प्रत्येकावर नंबर हवा, नाहीतर फडात सगळी सरमिसळ होणार. नंबर पंच घेतला आणि मुठीच्या वर दोन बोटांवर ठोकून टाकला. सगळ्यांना एकाच जागी, नीटनेटका.

२ नोव्हेंबर

रात्री बसून पात्यांच्या परीक्षा कशा घेतात ते वाचलं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ पासून आहे. तिच्या पहिल्या परीक्षेत लोहारानं स्वतः घडवलेल्या एकाच सुरीनं चार गोष्टी करायच्या असतात: मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चार इंचाचं लाकूड दोनदा तोडायचं, मग त्याच धारेनं हातावरचे केस काढायचे, आणि शेवटी पातं शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) धरून ९० अंश वाकवायचं, ते तुटता कामा नये. क्रम बघा किती हुशार आहे. लाकूड आधी, केस नंतर.

शेफील्डच्या काट्रा संस्थेची पद्धत वेगळी. ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा यंत्रात धारेवर पुढं-मागं कापायचा आणि दर फेरीला किती खोल गेलं ते मोजायचं. आयएसओ ८४४२-५ हे मानक त्यावरच आहे. हे वाचून हसू आलं. आपला ऊस सिलिका स्वतःच घेऊन येतो, पानात आणि सालीत भरलेली असते. वर बुडाशी माती. मोहोळचा फड म्हणजे बिनखर्चाचं काट्रा यंत्रच.

पण या दोन्हींत एक प्रश्न कुणी विचारत नाही. साठाव्या दिवशी काय? कोयता चार प्रकारे दगा देतो. धार बसते, धारेचा टवका उडतो, पातं वाकतं ते वाकलेलंच राहतं, नाहीतर मूठ सुटते किंवा मुठीपाशी तुटतो. पहिल्या तीनवर कानस किंवा हातोडा हा इलाज आहे. चौथ्यावर दवाखाना.

५ नोव्हेंबर

भेग तपासणी. रेड डाय (भेगेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) आणायला पैसे घालवण्याऐवजी रेल्वेच्या जुन्या वर्कशॉपांत चालायची ती पद्धत केली: तेल आणि खडू. रॉकेल आता मिळतंय कुठं, म्हणून डिझेल. पातं घासून लख्ख केलं, अर्धा तास डिझेलमध्ये बुडवलं, कोरडं पुसलं, आणि वरून स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड ब्रशनं लावली. भेग असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्यावर ओलसर रेघ उमटते.

दोन नंबरला उमटली. पातं संपून शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा भाग, सुरू होतं त्या आतल्या कोपऱ्यात, नखाएवढी. कोयता अजून उसाला लागलासुद्धा नाही! जुन्या पाट्यात आधीची असेल, किंवा गार पाण्यात बुडवताना तडकला असेल. ट्रकखाली लाखो हेलकावे खाल्लेलं लोखंड आहे ते. दोन नंबर फडात पाठवायचा नाही, भिंतीवर टांगला.

७ नोव्हेंबर

ओळखीच्या एकाच्या लॅबमध्ये रॉकवेल मशीन आहे. अकरा कोयते पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधून निघालो, तर चौकात पोलिसानं थांबवलं. पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या त्यानंही वाचल्या असणार. शस्त्र कायदा १९५९ मधल्या व्याख्येत निव्वळ घरगुती किंवा शेतीकामाच्या वस्तू धरलेल्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण पोत्यात अकरा कोयते असताना कायद्याचं कलम काढायचं नसतं, एवढंही ठाऊक होतं. ऊसतोडीचे आहेत म्हटलं, दाजींना फोन लावून दिला. वीस मिनिटं गेली. लॅबच्या दारात मित्र म्हणाला, "काय बे, कुणाला मारायला निघालास?"

रॉकवेल 'सी' मोजणीत हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या दाबानं रुतवतात आणि किती खोल गेलं त्यावरून आकडा येतो. जितका आकडा मोठा, तितकं पोलाद कडक. चांगली कानस ६२-६५ च्या घरात असते. धारेवर मोजता येत नाही, तिथं जाडीच नाही. म्हणून धारेपासून बोटभर वर, वरचा काळा थर घासून काढून मोजलं.

घिसाड्याचे: एकाच पात्यावर एका जागी ५१, दोन बोटं सरकलं की ४३. दुकानातले तिन्ही २७-२८, म्हणजे पाणी दिलेलंच नाही, रंग तेवढा दिला. आप्पांचे धारेकडं ५२, पाठीकडं ४०. तिन्ही जवळजवळ सारखे. हे त्यांनी कुठल्याही मीटरशिवाय कसं जमवलं?

माझे ५८. सगळीकडं ५८. मित्रानं पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली.

९ नोव्हेंबर

पितळी सळईची चाचणी. सहा मिलिमीटरची सळई शेगड्यात आडवी धरायची आणि धार तिच्यावर तिरकी दाबत ओढायची. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर. लवलेलीच राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. आठ नंबरची लवून तशीच राहिली. बाकीच्यांचं काहीच दिसलं नाही. कोयत्याची धार जाड असते, लवायला मुळात पातळपणा हवा. ही चाचणी स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी ठीक, इथं फार काही सांगत नाही. पुढं जाऊ.

१५ नोव्हेंबर

फडातला पहिला दिवस. सीनेकाठची काळी जमीन, ऊस फुले २६५ जातीचा. टोळी पहाटे पाचलाच लागली होती, मी सोलापूरहून पोहोचेपर्यंत चार सऱ्या मोकळ्या.

टोळीतले सगळ्यांत जुने ते मामा. (कोयता म्हणजे इथं जोडपंही. "बारा कोयत्याची टोळी" म्हणजे बारा नवरा-बायको. माझ्या वहीत बारा कोयते आणि त्यांच्या मुकादमाच्या वहीत बारा कोयते, यावरून सकाळी एकदा घोटाळा झाला.) मामांनी एकेक कोयता उचलला, मुठीला दोन बोटांत सैल धरला आणि दगडावर हलकेच टिचकावला. कान देऊन ऐकत होते. सहा नंबरचा आवाज लांबला. "ह्यो बोलतोय." दुकानातला आठ नंबर थप्प झाला. "ह्यो मुका हाय." माझ्या दहा नंबरला त्यांनी दोनदा वाजवलं. "लई किंचाळतोय ओ ह्यो."

ऊस तोडणं हे लांबून दिसतं तसं नाही. साखर बुडाशी जास्त असते, म्हणून कारखान्याला जमिनीलगत तोड हवी. खोडवाही तसाच चांगला फुटतो. म्हणजे दर घावाला कोयत्याचं टोक मातीत जातं. माती म्हणजे नुसती माती नव्हे, तिच्यात मुरुमाचे खडे, ठिबकच्या नळीचे तुकडे, कधी बांधावरून घरंगळत आलेला दगड. शिवाय तोडून झालं की त्याच पात्यानं पाचट सोलायचं आणि शेंड्याचं वाढं उडवायचं. एकाच हत्यारानं कुऱ्हाडीचं, विळ्याचं आणि खुरप्याचं काम.

साडेनऊला दहा नंबरचा टवका उडाला. अकरापर्यंत तीन. अकरा नंबरचंही तेच, एक टवका तर अर्ध्या नखाएवढा. मामा जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसले, कमरेची कानस काढली आणि दहा नंबरवर ओढली. कानस घसरली. परत ओढली, परत घसरली. ५८ आणि ६२ मध्ये फरक तो किती! "हे आता कशानं घासायचं, सांगा की." मी ग्राइंडर म्हणालो. ते फडाकडं बघत राहिले. तिथं लाइट नाही, ग्राइंडर नाही, आणि असता तरी बिनपाण्याच्या चाकावर धार निळी पडून तिचं पाणी गेलं असतं ते वेगळंच.

घरी येताना हेच डोक्यात. मी कोयत्याची ताकद त्याच्या पोलादात शोधत होतो. ती अर्धी मामांच्या कमरेच्या कानशीत आहे. ज्याला बांधावर बसून पाच मिनिटांत परत उभं करता येत नाही, तो टिकाऊ कसला?

२२ नोव्हेंबर

मोजणीत चूक सापडली. दर कोयत्यानं धार लावण्याआधी किती मोळ्या होतात ते लिहायला दाजींच्या पोराला सांगितलं होतं. आठवड्यात चार नंबरच्या मोळ्या सर्वांत जास्त, आणि नऊ नंबरच्या जेमतेम वीस. कारण उघड आहे, चार नंबर सगळ्यांना आवडला म्हणून तो सतत हातात, नऊ नंबर कुणी उचलतच नाही. शिवाय चार नंबर टोळीतला सगळ्यांत ताकदीचा गडी वापरतो. आता पाळी लावलीय. रोज कोयता बदलायचा, गडी तोच. कुरकुर झाली. प्रत्येकाच्या हाताला मूठ बसलेली असते, ती बदलली की संध्याकाळी फोड. शेवटी एक दिवसाआड बदलायचं ठरलं, आणि फोड आला की बदलायचं नाही.

४ डिसेंबर

तीन नंबर तुटला. मुठीपाशीच. कुणाला लागलं नाही.

तुकडा भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. कोपऱ्याकडचा भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकामागोमाग एक वळणदार रेघा. उरलेला भाग लख्ख करडा, रवाळ, आजच तुटलेला. म्हणजे भेग आज पडली नाही. ती कोपऱ्यात कधीतरी सुरू झाली, घावागणिक केसभर सरकत गेली आणि उरलेलं लोखंड कमी पडलं तेव्हा एका साध्या घावाला सुटली. मामा म्हणाले, "दगुडबी नव्हता, नुसता ऊसच हुता." बरोबर आहे. शेवटच्या घावाचा काही दोष नव्हता.

गेल्या सालचे दोन तुकडे काढून शेजारी ठेवले. तेच चित्र, तोच कोपरा. पातं रुंद, शेपूट अरुंद, आणि दोन्ही जुळतात तिथं छिन्नीनं काटकोनात कापलेलं. सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. तिथं कानशीनं गोलाई दिली असती तर ताण पसरला असता. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, खर्च शून्य, दहा मिनिटांचं काम. यंत्रमागाच्या शाफ्टला पायरी असते तिथं आपण गोलाई सोडतो की नाही? मग कोयत्याला हे आधी का सुचलं नाही, याचं मलाच नवल वाटतं.

आज घरी जाण्याआधी उरलेल्या सगळ्यांचे कोपरे तपासले. आप्पांच्या तिघांना गोलाई आहे.

८ डिसेंबर

आप्पांकडं गेलो. भट्टी सावलीत, दारावर पोतं टाकून अंधार केलेला. मला वाटलं उन्हासाठी. "उजेडात रंग कसा दिसंल, मालक?"

त्यांनी एक पातं तापवलं. लाल झालेलं पातं त्यांच्या दोरीला बांधलेल्या चुंबकाला चिकटेना, तेव्हा आणखी थोडा भाता मारला. चुंबक सुटतं ते ७७० अंशांच्या आसपास. आप्पांना आकडा नको असतो. मग कोमट पाण्यात फक्त धार बुडवली, पाठ वरच. बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं धार झरझर घासली, चकाकी आली, आणि पाठीत राहिलेली आच खाली उतरू लागली. चकाकीवर आधी गव्हाळ रंग, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्याला निळी कड आली की पुन्हा पाण्यात, या वेळी सगळंच. धारेला ५२ आणि पाठीला ४० कसे, याचं उत्तर डोळ्यांसमोर दीड मिनिटात. माझी भट्टी, माझा थर्मामीटर आणि दोन तास हे सगळं एकसारखं ५८ करण्यात गेलं होतं, आणि कोयत्याला एकसारखेपणा नकोच होता.

गोलाईचं विचारलं. "कोपरा ठिवला की भेग. आमच्या बाच्या हाताखाली पोरपणी एकदा ठिवला हुता, कानाखाली खाल्लीय."

१२ डिसेंबर

माझे तिन्ही परत भट्टीत, या वेळी ४२० अंशांवर. आता ४९. कोपऱ्यांना गोलाई दिली, टवके घासून काढले. बाभळीच्या नव्या मुठी. जुन्या ओल्या लाकडाच्या होत्या, वाळल्यावर आक्रसून शेंबी (मुठीच्या तोंडावरचं कडं) खुळखुळायला लागली होती. मामांच्या कानशीखाली बारा नंबर नीट खातो. फडात पाठवले.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेत शॉप बंद, कामगार सगळे नंदीध्वजांच्या मागं. अक्षता सोहळ्याला मीही गेलो. होम मैदानावर एक जण सुऱ्या विकत होता, दर पाच मिनिटांनी एक खिळा ठेवून सुरीनं हातोडीखाली तोडून दाखवायचा. गर्दी टाळ्या देते. खिळा हे मऊ तारेचं लोखंड, त्याहून कडक असलेलं कुठलंही जाडसर पातं तो तोडणार. त्या सुरीनं आठवडाभर कांदा चिरा आणि मग दाखवा, असं म्हणावंसं वाटलं. बायकोनं हात धरून पुढं नेलं. आणि तरी येताना तिनं एक विकत घेतलीच.

३० जानेवारी

व्हर्नियरनं पात्यांची रुंदी मोजली, सुरुवातीच्या मापाशी ताडून. दुकानातले सर्वांत झिजलेत, नऊ मिलिमीटरपर्यंत. साहजिक आहे, दिवसातून चार-पाच वेळा कानस. आप्पांचे तीन-चार मिलिमीटर, दिवसाला एक-दोनदा कानस. माझेही आता त्याच घरात.

पण दुकानातला एकही तुटला नाही, एकाचाही टवका उडाला नाही. वाकले, मामांनी दगडावर ठेवून ठोकून सरळ केले, परत चालू. आणि वाढं तोडायला मामींना सात नंबरच हवा असतो. हलका आहे, शेंड्याला ताकद लागत नाही, बोथट झाला तर मोळी बांधता बांधता कानस मारतात. "तुमचा बारा नंबर मनगट काढतोय," असं त्या मला तोंडावर म्हणाल्या. २८ च्या कडकपणाला मी नोव्हेंबरमध्ये हसलो होतो, ते वहीत तसंच राहू देतो.

११ फेब्रुवारी

शेवटची खेप कारखान्याला गेली, टोळी उद्या ट्रॅक्टरनं दुसऱ्या थळावर. कोयते परत आले. आज सगळ्यांची पुन्हा डिझेल-खडूची तपासणी.

घिसाड्याच्या एक नंबरच्या कोपऱ्यात रेघ, अपेक्षित. माझे स्वच्छ. दुकानातले स्वच्छ. चार, पाच स्वच्छ. सहा नंबर, तो 'बोलणारा', त्याच्या कोपऱ्यात काही नाही, गोलाई शाबूत. पण कोपऱ्याच्या दोन बोटं वर एक बारीक ओली रेघ. पुन्हा पुसला, पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. भिंग घेतलं. रेघ माझ्या पंचाच्या आकड्याच्या खालच्या टोकातून निघालीय.

म्हणजे आप्पांनी जे इतकं जपून टाळलं होतं, ते मी ३१ ऑक्टोबरला हातोडीनं ठोकून घातलं. पंचाची खूण म्हणजे छोटासा टोकदार कोपराच, आणि जागा निवडली तीही ताण सर्वांत जास्त असतो तिथली.

आप्पांना फोन करून सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मुठीवर टाकायचा हुता की नंबर, लाकडावर." सहा नंबरची भेग घासून पाहिली, खोल गेलीय, निघत नाही. दोन नंबरशेजारी टांगला. बाकीच्यांच्या खुणा कानशीनं काढून जागा गुळगुळीत करतोय, सध्या पाच झालेत. नंबर तापवलेल्या सळईनं मुठीवर डागले. पुढच्या हंगामाला आप्पांकडं वीस पाती सांगितलीत, मुठी माझ्याकडून. भावावरून अजून घासाघीस चालू आहे.